खुडूक कोंबडीच्या हाताखाली : नवशिक्यांसाठी पिल्लूपालन

मांडवा ते श्रीवर्धन या पट्ट्यात कुठेतरी दहा-बारा गुंठे घेऊन झाले, घर बांधून झाले, जांभ्याच्या गडग्यावर बोगनवेल चढवून झाली आणि आता ‘काहीतरी पाळावे’ असे वाटू लागले, अशा मंडळींसाठी हे मार्गदर्शन आहे. २०२० साली मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुरू झाल्यापासून या मंडळींची संख्या वाढली आहे. कुत्रा त्यांच्याकडे असतोच. गाय नको असते, कारण ती शेण टाकते. मग एखाद्या विलायती मालिकेत हिरव्या कुरणातून तांबूस-सोनेरी अंगाचा, गळ्याला पांढरा पट्टा असलेला, लांब शेपटीचा पक्षी ऐटीत चालत जातो, आणि शनिवारी सकाळी आम्हाला चहाला बोलावून विचारले जाते : हे फेझंट इथे होतील का? पिल्ले कुठे मिळतात?

उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचे वाचायला नको. तो पांढऱ्या गळपट्ट्याचा फेझंट मूळचा चीनकडचा. ब्रिटनमध्ये दर वर्षी त्याची कोट्यवधी पिल्ले वाढवून रानात सोडतात, ती हिवाळ्यात बंदुकीपुढून उडावीत म्हणून. आपल्या देशातले नामांकित फेझंट हिमालयात राहतात : मोनाल, चीर, ट्रॅगोपान. हिमाचलात सराहनला ट्रॅगोपानच्या पैदाशीसाठी सरकारी केंद्र आहे, आणि तिथल्या मुरलेल्या माणसांनाही हे पिल्लू जगवताना घाम फुटतो. तुम्ही नागावच्या दमट हवेत, आठवड्यातून दीड दिवस हजर राहून, ते काम करायला निघाला आहात. राहू द्या.

निराश मात्र होऊ नका. पक्षिशास्त्राने फेझंटचे जे कुळ मानले आहे, त्यात मोर आहे, तित्तर आहे, लावा आहे, चकोत्री आहे, रानकोंबडी आहे आणि शेवटी, तुमच्या माळ्याच्या परसात या घडीला उकिरडा उकरत असलेली गावठी कोंबडीही आहे. म्हणजे फेझंट पाळण्याची तुमची हौस कुळाचाराला धरूनच पुरी होऊ शकते.

पायरी पहिली : पक्षी निवडणे

इथे नवशिक्याच्या मनात येते, की रानकोंबडीच का नको? फणसाडचे जंगल जवळच आहे, पूर्वी जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचे शिकारीचे रान होते ते. कर्नाळाही फार लांब नाही. माळ्याला पाचशे रुपये दिले तर तो चार अंडी आणून देईल. देईलही. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला अंडेही पक्ष्याइतकेच प्रिय आहे. रानातले अंडे उचलले की तुमच्या पिल्लूपालनाचा पहिला धडा वनखात्याच्या कार्यालयात सुरू होतो. फणसाड १९८६ पासून अभयारण्य आहे आणि कर्नाळा १९६८ पासून. तिथे जाऊन पाहा, ऐका, परत या.

पाहण्यासारखे बरेच आहे. आपल्याकडची रानकोंबडी राखी. नराच्या मानेवर चकचकीत पिवळसर-पांढऱ्या ठिपक्यांची पिसे असतात. याच पिसांपायी तो एके काळी फार मारला गेला, कारण साहेबाच्या गळाला लावायच्या खोट्या माशीला ती लागत. १९०२ साली सरकारने पक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर बंदी आणली, तरी चोरटा व्यापार पुढेही चालू राहिला. नवशिक्याने मात्र या पक्ष्याचे ऋण दुसऱ्याच कारणासाठी मानावे. जगभरच्या पाळीव कोंबड्या मुख्यतः आग्नेय आशियातल्या लाल रानकोंबडीपासून आल्या. पण तुमच्या कोंबडीचे पाय पिवळे असतील, तर तो पिवळेपणा लाल पूर्वजाकडून आलेला नाही. २००८ साली संशोधकांनी दाखवले, की पिवळ्या कातडीचे जनुक राखी रानकोंबडीकडून आले आहे, म्हणजे दख्खनच्या आणि सह्याद्रीच्या रानातून. परदेशी तारांकित हॉटेलात पिवळ्या कातडीची कोंबडी ताटात आली, तर तिच्यात थोडे आपल्याकडचे रान आहे हे ध्यानात ठेवा. बिल मात्र कमी होणार नाही.

आणखी एक गोष्ट मनाला शांत करते. कोंबडी माणसाने पकडून आणून पाळली, अशी आपली समजूत असते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांप्रमाणे पाळीव कोंबडीचे सर्वांत जुने खात्रीलायक अवशेष थायलंडमधल्या बान नोन वाट इथले, इसवी सनापूर्वी सुमारे १६५० ते १२५० मधले आहेत. तिथे भात आणि भरड धान्याची शेती आली, आणि सांडलेल्या दाण्यांमागे रानकोंबडी आली. म्हणजे आमंत्रण असे कोणी दिलेच नव्हते. भाताचे कोठार म्हणवणाऱ्या जुन्या कुलाबा जिल्ह्यात, ज्याचे नाव १९८१ पासून रायगड झाले, हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. खळ्यावर भात पडला की गावातली प्रत्येक कोंबडी आपली असते.

तेव्हा निवड : गावठी. कडकनाथ नको, तो झाबुआचा आहे आणि तुम्ही त्याच्या किमतीविषयी पाहुण्यांना इतके सांगाल, की पिल्लांकडे बघायला वेळ राहणार नाही. लेगहॉर्न नको. ती अंडी भरपूर घालते, पण अंड्यांवर बसण्याची बुद्धी तिच्यातून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून काढून टाकलेली आहे. आपल्याला तर तीच बुद्धी हवी आहे.

पायरी दुसरी : साहित्य

नवशिक्या जे आणतो ते : काचेच्या झाकणाचे उबवणी यंत्र, तापमान आणि आर्द्रता दाखवणारे घड्याळ, लाल दिवा, प्लास्टिकची रंगीत भांडी, एक वही. जे लागते ते : एक खुडूक कोंबडी.

यंत्र वाईट नाही. साडेसदतीस अंश धरून ठेवले, ओलावा सांभाळला आणि अंडी दिवसातून काही वेळा फिरवली, की ते पिल्ले काढते. फक्त त्याला एकवीस दिवस अखंड वीज लागते, आणि ही अट कोकणातल्या पावसाळ्याला कोणी कळवलेली नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर चढले तेव्हा नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कौले-पत्रे उडाले आणि कितीतरी गावांत वीज यायला आठवडे लागले. खुडूक कोंबडीला त्या काळातही कोणी प्लग लावला नव्हता.

कोंबडी खुडूक झाली हे ओळखायचे कसे? ती खुराड्यातून उठत नाही. हात नेला की अंग फुलवते, घशातून घरघरते, टोचते. अंडी देणे बंद करते. पोटाची पिसे झडतात आणि तिथली उघडी, गरम कातडी अंड्याला थेट लागते. नवशिक्याला वाटते कोंबडी आजारी आहे, आणि तो पशुवैद्याला फोन लावतो. गावात उलट चालते : अंडी हवी असतील तर बाई खुडूक कोंबडीला धरून पाण्यात दोन-तीन बुचकळ्या देतात आणि तिचे डोके थंड करतात. तुम्ही अशाच एखाद्या घरी वेळेवर पोचायचे. खुडूक कोंबडी सहसा कोणी विकत नाही, पण वाट्याने देतात. निघालेली निम्मी पिल्ले त्यांची, निम्मी तुमची. मोजणी त्यांच्या अंगणात होते, त्यामुळे वाद होत नाहीत.

पायरी तिसरी : बसवणे, आणि मग गप्प बसणे

एका पसरट टोपलीत खाली थोडी वाळू, वर भाताचा पेंढा. जागा अंधारी, पडवीच्या कोपऱ्यात, जिथे कुत्रा आणि पाहुणे पोचत नाहीत. अंडी ताजी, आठवड्याच्या आतली, फ्रिजमधली नव्हेत. कोंबडी रात्री बसवावी, म्हणजे ती बावरत नाही. काही घरांत विजेच्या कडकडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून टोपलीत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवतात. त्याने काय होते हे विचारू नका, ठेवून द्या. कोणाचे काही बिघडत नाही.

यापुढे एकवीस दिवस तुम्हाला काम नाही, आणि सर्वांत अवघड भाग हाच आहे. कोंबडी दिवसातून एकदा उठेल, दाणे खाईल, पाणी पिईल, राखेत लोळेल आणि एवढी मोठी व इतकी घाण वासाची विष्ठा टाकेल, की तुम्ही पुन्हा पशुवैद्याला फोन लावाल. नका लावू. ती दिवसभर धरून ठेवते, म्हणून तशी असते. वीस-पंचवीस मिनिटांत ती परत जाऊन बसते. तेवढ्यात अंडी गार होतील म्हणून त्यांच्यावर शाल घालण्याचे प्रकार या किनाऱ्यावर घडलेले आहेत.

सातव्या-आठव्या रात्री टॉर्च अंड्यामागे धरून पाहायला हरकत नाही. फळलेल्या अंड्यात लाल शिरांचे जाळे दिसते आणि मधोमध एक गडद ठिपका हलतो. ज्यात काहीच दिसत नाही ते काढून टाका, नाहीतर ते सडते, आणि ते फुटले की पडवीत आठवडाभर कोणी बसत नाही.

विसाव्या दिवशी कान लावा. अंड्यातून चिवचिव येते. पिल्लू अजून कवचाच्या आत आहे, पण जाड टोकाला असलेल्या हवेच्या पोकळीत त्याची चोच शिरली आहे आणि फुफ्फुसे चालू झाली आहेत. आई वरून हळू घुटघुटते, ते आतून उत्तर देते. मग कवचावर एक तारा उमटतो. चोचीच्या टोकावर एक बारीक पांढरा काटा असतो, फक्त या कामापुरता. काही दिवसांत तो गळून जातो. एक तारा पडला की पिल्लू थांबते. तास जातात. बाहेरचा माणूस कासावीस होतो आणि नखाने कवच सोलायला घेतो. इथे हात मागे घ्या. या वेळी आतल्या पातळ पडद्यातल्या रक्तवाहिन्या अजून जिवंत असतात आणि उरलेला बलक पोटात ओढून घेतला जात असतो. तुम्ही सोललेल्या कवचातून रक्त येते आणि पिल्लू जाते. त्याचे त्याच्यावर सोडले तर ते विश्रांती घेत घेत, अंगाभोवती वळत, जाड टोकाखाली गोल चिरत नेते, आणि बारा ते चोवीस तासांनी टोपी उघडून ओलेचिंब बाहेर पडते. तेव्हा ते इतके केविलवाणे दिसते, की सोबतच्या लहान मुलांना आधीच कल्पना द्यावी.

तो पोटात ओढलेला बलक दोन-तीन दिवसांची शिदोरी असते. पहिले पिल्लू निघाल्यापासून शेवटचे निघेपर्यंत आईला उठायला लागू नये, म्हणून ही सोय. याच सोयीच्या जिवावर हॅचरीवाले एक दिवसाची पिल्ले खोक्यात भरून शेकडो मैल पाठवतात. आम्ही बजावूनही तुम्ही तसे खोके मागवले असेल, तर एक उपाय आहे : रात्री, दिवा न लावता, एकेक पिल्लू खुडूक कोंबडीच्या पंखाखाली सरकवा. सकाळी ती सगळी तिचीच असतात. दिवसा हा प्रयोग केलात तर ती मोजून घेते.

पायरी चौथी : भाषा

पिल्लांची भाषा शिकायला व्याकरण लागत नाही. १९५३ साली निकोलस कोलियास आणि मार्टिन जूस या दोघांनी पिल्लांचे आवाज यंत्राने रेखून पाहिले. पिल्लू संकटात असले, गारठले, आईपासून चुकले, की त्याचा स्वर वरून खाली घसरत येतो, आणि मोठा होतो. ते खुशीत असले की छोटे, मऊ स्वर खालून वर चढतात. हे एकदा कानात बसले की रात्री उठून बॅटरी घेऊन जायची गरज आहे की नाही, हे अंथरुणातूनच कळते.

आई नसेल आणि तुम्ही दिव्याखाली पिल्ले वाढवत असाल, तर तापमापक बघू नका, पिल्ले बघा. पहिल्या आठवड्यात त्यांना साधारण पस्तीस अंश लागतात, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पण हे सगळे तीच सांगतात. सगळी दिव्याखाली एकमेकांच्या अंगावर चढली असतील तर थंडी वाजते आहे. सगळी कडेला जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर तुम्ही त्यांना भाजत आहात. सगळी एकाच बाजूला असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतो आहे. पसरून, पाय ताणून, जमिनीवर लोळून झोपली असतील तर सगळे ठीक आहे. नवशिक्याला ती मेली असे वाटते, आणि तो त्यांना उठवतो. खाली वर्तमानपत्र अंथरू नका. त्यावर पाय घसरून फाकतात आणि तसेच राहतात. भाताच्या गिरणीतून तूस आणा.

पिल्लू पहिल्या दिवशी जे हलणारे पाहते त्याच्यामागे चालू लागते, हे कोनराड लोरेंत्स यांच्या हंसांमुळे सर्वांना माहीत झाले, आणि त्यांना १९७३ साली नोबेलही मिळाले. पण त्यांच्या बरीच वर्षे आधी, १८७३ साली, डग्लस स्पॉल्डिंग नावाच्या माणसाने कोंबडीच्या पिल्लांवर हेच लिहून ठेवले होते. हे गृहस्थ बर्ट्रांड रसेलच्या थोरल्या भावाचे शिक्षक होते आणि त्यांची पिल्ले त्या उमराव घराण्याच्या दिवाणखान्यातून हिंडत. किहीम-आवासच्या बंगल्यांत ज्यांनी इटालियन फरशी घातली आहे त्यांनी हा तपशील पुन्हा वाचावा. तुम्ही पहिल्या दिवशी पिल्लांभोवती फार घुटमळलात तर आई तुम्ही ठरता. मग सोमवारी सकाळी मांडव्याहून परतीची बोट गाठायची असते, आणि सात पिल्ले गेटपर्यंत ओरडत मागे येतात.

खरी आई असेल तर तिच्याकडून शिका. ती दाणा चोचीत उचलते, टाकते, पुन्हा उचलते, आणि भराभरा टुकटुकते. पिल्ले धावतात. कोंबडा हेच कोंबड्यांना बोलावण्यासाठी करतो, कधी चोचीत काहीही नसताना. धोक्याची हाक दोन प्रकारची आहे. जमिनीवरून काही आले, कुत्रा, मुंगूस, जावई, तर ती लांबलचक, तुटक, गाव गोळा करणारी कलकल असते. आकाशातून आले तर एकच बारीक, लांब, ओढलेला स्वर. तो आला की पिल्ले असतील तिथे थिजतात किंवा झुडपात शिरतात, आणि पुढचा मिनिटभर अंगण रिकामे दिसते. अशा वेळी आधी वर बघा. आमच्या किनाऱ्यावर बंदराभोवती घारी भरपूर, ब्राह्मणी घारही. शिक्रा त्याहून वाईट, कारण तो झाडातून येतो.

निरीक्षणाची हौस असेल तर किहीमचे उदाहरण समोर ठेवा. सालिम अली १९३० साली तिथे राहत होते, हाताला नोकरी नव्हती, तेव्हा त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांसमोर बसकण मारली आणि नर एकामागून एक घरटी बांधून वेगवेगळ्या माद्यांना कसा वसवतो ते टिपले. त्यांनी सुगरणीला मदत केल्याचे कुठे नोंदलेले नाही.

एका शेजारणीचे वाक्य या संदर्भात पाठ करण्यासारखे आहे. पिल्ले थंडीने गारठतील म्हणून एक निवृत्त अधिकारी रात्री दहाला कोंबडीवर गोधडी टाकायला निघाले होते. ती गडग्यावरून म्हणाली, “सायेब, तिला सगलं कलतं. तुमी घरान जा.”

पायरी पाचवी : खाणे, आणि कोणाच्या तरी खाण्यात जाणे

पहिले दोन आठवडे तांदळाच्या बारीक कण्या, सोबत हॅचरीवाल्यांचे पिल्लांचे खाद्य मिळाले तर तेही. नुसत्या कण्यांवर पिल्लू जगते पण वाढत नाही, त्याला प्रथिने लागतात. ती रायगडात फुकट आहेत. वाळवी लागलेले लाकूड किंवा वारुळाचा तुकडा आणून अंगणात आपटा आणि बाजूला व्हा. कोळणीकडून आलेला सुका जवळा चुरून थोडा द्या. थोडाच. फार दिलात तर पुढे अंड्याला बंदराचा वास येतो, आणि शाकाहारी पाहुणे ‘आम्ही फक्त अंडे खातो’ म्हणतात त्यांची पंचाईत होते. पाणी उथळ थाळीत, थाळीत खडे टाकून. पिल्लू दोन बोटे पाण्यातही बुडते.

शत्रूंचा विचार जास्त करावा लागतो. दिवसा कावळा. घारीची भीती सगळे बाळगतात, पण कावळा शेजारच्या शेवग्यावर बसून आईची पाठ फिरण्याची वाट पाहतो. मुंगूसही दिवसाच. रात्री उदमांजर. अंड्यांना घोरपड, धामण, नाग. उपाय जुना आहे : संध्याकाळी कोंबडी पिल्लांसह डालायची, म्हणजे बांबूचे मोठे डालगे वर पालथे घालून त्यावर दगड ठेवायचा. अंगणासाठी कोळीवाड्यातून जुने मासेमारीचे जाळे मागून आणा आणि चार खांबांवर ताणून बांधा. कावळा, घार, शिक्रा तिघेही हताश होतात. फक्त ते जमिनीपर्यंत लोंबू देऊ नका. नायलॉनच्या त्या फासात नाग अडकतो, तडफडतो, आणि मग रविवारी दुपारी तुम्ही सर्पमित्राचा नंबर शोधत असता.

पायरी सहावी : समाजशास्त्र

पिल्ले काही आठवड्यांची झाली की ती एकमेकांच्या छातीला छाती लावून उड्या मारू लागतात. हे खेळणे नाही, नोकरीच्या जागा ठरत आहेत. थोरलाइफ शेल्डेरुप-एबे हा नॉर्वेचा मुलगा लहानपणापासून आपल्या घरच्या कोंबड्या बघत बसायचा आणि कोणी कोणाला टोचले ते वहीत लिहायचा. पुढे १९२१ च्या सुमारास त्याने त्यावर प्रबंध प्रसिद्ध केला. पहिली सगळ्यांना टोचते, दुसरी पहिली सोडून सगळ्यांना, आणि शेवटची कोणालाच नाही. सहकारी गृहनिर्माण सोसायटीत ज्यांनी सेक्रेटरीपद भूषवले आहे त्यांना या पायरीचा अभ्यास लागत नाही. तुम्ही मध्ये पडून शेवटच्या पिल्लाला वेगळे दाणे घातलेत, तर तो दाणा पहिली येऊन खाते आणि शेवटच्याला त्याबद्दल दोनदा टोचते. जागा वाढवा, भांडी दोन ठेवा, एवढेच तुमच्या हातात आहे.

कोंबडा की कोंबडी, हे विचारू नका. जपान्यांनी शंभरेक वर्षांपूर्वी एक दिवसाच्या पिल्लाचे गुदद्वार तपासून लिंग ओळखण्याची कला शोधली, आणि ती शिकायला वर्षे जातात. तुम्ही दीडेक महिना थांबा. ज्याचा तुरा आधी लाल होतो आणि पाय जाड होतात तो कोंबडा. जी तलंग निघेल असे तुम्ही सर्वांना सांगून ठेवले होते, तीच पहाटे चारला आरवते.

पायरी सातवी, जी पहिलीच्या आधी करायची

लस. मानमोडी आली की परस रात्रीत रिकामे होते. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात, कारण १९२० च्या दशकात आपल्या देशात तिची नोंद कुमाऊंमधल्या राणीखेतला झाली. इंग्लंडवाले तिला न्यूकॅसलच्या नावाने ओळखतात. पिल्लू पाच-सात दिवसांचे झाले की डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटाचा थेंब. अडचण अशी, की लसीची कुपी शंभर मात्रांपासून पुढे मिळते, आणि एकदा पाण्यात मिसळली की काही तासांत संपवावी लागते. तुमच्याकडे नऊ पिल्ले. तेव्हा आळीतल्या सगळ्या घरांना आदल्या दिवशी सांगा, सगळ्यांची पिल्ले एका सकाळी गोळा करा. पशुवैद्यकीय दवाखान्यातला माणूसही नऊ पिल्लांसाठी येण्यापेक्षा आळीसाठी लवकर येतो. नवा बंगलेवाला गावात ओळखीचा होण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

आणि एक गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेरला, १९३० च्या जंगल सत्याग्रहाच्या त्याच चिरनेरला, परसातल्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला आणि आसपासचे पक्षी मारावे लागले. एकाच वेळी अनेक कोंबड्या मेल्या, तुरे निळे-काळे पडले, तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, खाडीत टाकू नका, लपवू नका. पशुसंवर्धन खात्याला कळवा.

उरलेला प्रश्न पोपटीचा. थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या, भांबुर्ड्याचा पाला मिळू लागला, की रायगडात मडके उपडे घालून पाणी न घालता पोपटी लागते. शेंगा, ओवा, मीठ, अंडी, आणि मसाला लावलेली कोंबडी. तुमचे पाहुणे गावठीच हवी म्हणतात. त्या वेळी तुमच्या परसात चार कोंबडे असतात, आणि एका परसाला चार कोंबडे कधीच लागत नाहीत. तिघांचे काय करायचे हे मार्गदर्शक सांगणार नाही. ज्यांच्या मुलांनी कोंबड्यांना नावे दिली आहेत त्यांनी पोपटीसाठी कोंबडी बाजारातून आणावी, आणि बाजारातली गावठीच आहे का याची खात्री करायला आम्हाला बोलवावे.

पिल्ले दीड-दोन महिन्यांची झाली की एके दिवशी आई त्यांना टोचून हाकलते. कालपर्यंत पंखाखाली घेणारी ती आज दाण्याजवळही येऊ देत नाही. तुम्ही दयेने तिची आणि पिल्लांची पुन्हा भेट घडवू नका. ती थोड्या दिवसांत अंड्यावर येईल आणि पुढे केव्हातरी पुन्हा खुडूक होईल. तेव्हा मागच्या यशाने चढून टोपलीत पंधरा-सोळा अंडी ठेवू नका. गावठी कोंबडीच्या पोटाखाली दहा-बारा मावतात. जास्त झाली की ती फिरवताना आळीपाळीने प्रत्येक अंडे कडेला येते, गार होते, आणि सगळीच वाया जातात.